डवऱ्यावरची चुन्याची खूण

यवतमाळकडच्या दिग्रसला मे महिन्यात कोणी हौसेनं जात नाही. मीही गेले नव्हते. परत आल्यावर सोसायटीतल्या बायकांनी विचारलं, "काय गं, काय काय पाहिलंस तिकडे?" तेव्हा सांगण्यासारखं एक देऊळ आठवेना की एक धबधबा. वेल्डिंगचं एक दुकान पाहिलं, एवढंच म्हणाले. त्यावर त्या ज्या नजरेनं माझ्याकडे बघायला लागल्या, ती पाहून हे सगळं लिहून काढावंसं वाटलं. पाठ अजून दुखतेच आहे, त्यामुळे बसून करण्यासारखं दुसरं कामही नाही.

पुण्याच्या एका लहानशा कंपनीत मी वेल्डिंगच्या रोबोटांना कामाला लावते. रोबोट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे चालणारा-बोलणारा माणूस येतो. आमचा म्हणजे नुसता एक हात. खांदा, कोपर, मनगट आणि मनगटापुढे वेल्डिंगची नळी. तो दमत नाही, पण त्याला कळतही काही नाही. नळी कुठून कुठे न्यायची हे एकेक बिंदू धरून शिकवावं लागतं आणि एका साध्या जोडासाठी अर्धा दिवस त्याच्यामागे उभं राहावं लागतं. मोटारीच्या कारखान्याला ते परवडतं, कारण एकदा शिकवलं की वर्षभर तोच जोड. लहान दुकानात दर तासाला नवं काम येतं. म्हणून आम्ही हाताच्या मनगटावर कॅमेरा बसवला. हातानं आधी कामाचा फोटो घ्यायचा, जोड कुठे आहे ते आपलं आपण शोधायचं आणि वेल्डिंग करायचं. माणसानं फक्त बटण दाबायचं. निदान माहितीपत्रकात तरी असंच लिहिलं होतं. ते माहितीपत्रक मीच लिहिलेलं, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार?

कुणाच्या तरी ओळखीतून आमच्या साहेबांना दिग्रसच्या उत्तमभाऊंचं नाव कळलं. शेतीची अवजारं बनवणारं आणि दुरुस्त करणारं त्यांचं दुकान. ठरलं असं की यंत्र तिथे नेऊन आठवडाभर चालवायचं. शेवटच्या दिवशी साहेब स्वतः येणार. मी हात न लावता दुकानातल्या माणसांना ते चालवता आलं, तर यंत्र तिथेच राहील. नाही आलं, तर त्याच टेम्पोतून परत. असली कामं करत मी अर्धा महाराष्ट्र पालथा घातला आहे आणि खरं सांगायचं तर माझी उमेद संपत आली होती. बॅग भरताना मी पाठीचा पट्टा आधी ठेवला आणि कपडे नंतर.

दिग्रस

लॉज एका कापूस व्यापाऱ्याच्या कार्यालयावर होतं. खोलीत वाळ्याचा कूलर होता. तो गारव्यापेक्षा आवाज जास्त करायचा, पण वाळ्याचा वास मात्र इतका चांगला की मी त्याला माफ केलं. खाली व्यापाऱ्याचा तराजू रिकामा लटकत होता. त्या साली बोंडअळीनं कापूस खाल्ला होता, आणि जो वाचला त्याला भाव नव्हता. सकाळी तर्री-पोह्यांच्या गाडीवर माणसं तेच बोलत होती, पण चढ्या आवाजात नाही. घरातल्या जुन्या आजाऱ्याविषयी बोलावं तसं बोलत होती. पुण्यात पोह्यांवर लिंबू पिळतात. इथे लाल रस्सा ओततात, आणि मग दिवसभर पोट आपल्याशी बोलत राहतं.

उत्तमभाऊंचं दुकान गावाच्या टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये. ते दारातच उभे होते. सडपातळ, पन्नाशी ओलांडलेले, सावलीतही काळा चष्मा लावलेले.

"या मॅडम. तुमचा हात कालच आला. म्या सावलीत ठेवला त्याले, पंखा लावून."

खरंच पंखा लावला होता. स्वतः ते उन्हात उभे होते. मी म्हटलं, "अहो, त्याला ऊन लागत नाही."

"पाव्हना हाये ना," ते म्हणाले.

शेडच्या मागे अवजारांचा ढीग होता. डवरे, वखर, तिफणी. कपाशीच्या ओळींतून बैलांकडून फिरवायचा तो डवरा, हे मला तिथे कळलं. सगळी जुनी, मोडलेली, वाकलेली. नवं एकही नाही. पिकानं हात दिला की शेतकरी नवं घेतो आणि नाही दिला की जुनंच जोडून आणतो. म्हणजे ह्या वर्षी फक्त दुरुस्ती होती. प्रत्येक अवजारावर पांढऱ्या चुन्यानं काहीतरी काढलेलं होतं. कुठे गोल, कुठे त्रिशूळ, कुठे नुसत्या तीन रेघा. सणावाराचं काही असेल म्हणून मी विचारलं नाही.

दुपारी एक ते चार गाव झोपतं. पुण्यात ह्याच वेळेची थट्टा होते. दिग्रसच्या मे महिन्यात मात्र ती झोप नसते, तो बंदोबस्त असतो. दुकानाला लागूनच घर होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी निळ्या कोटातली, खाली शिलाई मशीन. उत्तमभाऊंच्या पत्नी रंजनावहिनी गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायच्या. नवरा आत आडवा झाल्यावर त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं.

"डोयावर आलूचे काप ठेवून झोपते हा मानूस. डोयातलं पानी थांबत नाई. यवतमाळच्या डॉक्टरनं सांगतलं, आता जाळ पाहाल तं जे दिसते थेबी जाईन."

जाळ म्हणजे वेल्डिंगची ठिणगी. सुरुवातीची कित्येक वर्षं त्यांनी धड काच नसलेला मास्क वापरला होता. दुकानातले दोन कारागीर पुण्याकडे निघून गेले होते.

"तुमचा हात राह्यला तं दुकान राह्यते," वहिनी म्हणाल्या. "नाई तं हे मास्क लावून पुन्हा बसतीन. मले मालूम हाये. यायले दुसरं काई जमत नाई, अन् रिकामं बसनं तं बिलकुलच नाई."

मी साखरेचं पाणी प्यायले आणि म्हटलं, बघू. असं मी सगळीकडेच म्हणते.

पहिल्या दिवशी मी पुण्याहून आणलेले नमुन्याचे तुकडे लावले. कोरे, घासलेले, काटकोनात कापलेले. हातानं झुकून पाहिलं, फोटो घेतला आणि सुबक वेल्डिंग केलं. उत्तमभाऊ पाठ करून उभे होते. काम थंड झाल्यावर त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"झ्याक हाये. पन असं लोखंड आमच्याकडं कोन आनते? आमचं करून दाखवा."

त्यांच्या लोखंडाचं काही होईना. कॅमेऱ्याला गंजाची कड ही भेग वाटे आणि खरी भेग चिखलाखाली लपलेली. वखराच्या पातीवर तर मातीनं घासून अशी चकाकी आली होती की फोटोत नुसता पांढरा डाग दिसे. दोन दिवस मी लॅपटॉपवर आकडे बदलत बसले. घाम कोपरावरून कळफलकावर गळत होता. उत्तमभाऊ दर थोड्या वेळानं चहा सांगत होते. तिसऱ्या दिवशी मी शहाणपण सोडलं. भेग शोधायचं काम कॅमेऱ्याकडून काढून घेतलं. भेगेवर माणसानं खडूनं रेघ मारायची आणि कॅमेऱ्यानं फक्त ती रेघ पाहायची. गिरवायला दिल्यासारखं. शाळेचा पांढरा खडू आणला, एका वखरावर रेघ मारली, बटण दाबलं. हात रेघेवरून अलगद गेला आणि वेल्डिंग जिथे हवं तिथेच बसलं.

उत्तमभाऊ हसले. आल्यापासून पहिल्यांदाच. "मंग हे मलेबी येते," म्हणाले. त्यांनी स्वतः रेघ मारली, तीही जमली, मग दुसरी. मी पायरीवर बसून खारे शेंगदाणे खाल्ले. मला वाटलं, झालं आपलं काम.

नंतर आला तो डवरा. आडवा लोखंडी दांडा, त्यावर चुन्यानं मोठा गोल आणि गोलात तीन रेघा. भेग एका टोकाला, बोटभर. उत्तमभाऊंनी तिच्यावर खडू ओढला, बटण दाबलं आणि आम्ही दोघं पाठ करून उभे राहिलो. वेळ लागला. बोटभर भेगेला इतका वेळ लागू नये, हे मला कळायला हवं होतं. वळून पाहिलं तर हातानं भेगेला स्पर्शही केला नव्हता. दोन पांढऱ्यांतली मोठी खूण त्यानं निवडली होती. तो गोल आणि त्यातल्या तिन्ही रेघा दांड्यावर लोखंडात उमटल्या होत्या, जाड आणि अगदी घोटीव.

मला हसू आलं. उत्तमभाऊंच्या चेहऱ्याकडे पाहून ते विरलं.

"हे काय करून ठेवलं, मॅडम?"

"घासून टाकू की. ग्राइंडर मारला की जाईल. आणि ह्यापुढे काम लावायच्या आधी चुना पुसून घेत जा."

"पुसून?" ते म्हणाले. "पुसत नसतात. कायले पुसाव?"

मग त्यांनी सांगितलं. अक्षय तृतीयेला घरची बाई अवजारावर आपल्या घराची खूण काढते. आमचं घर ह्या साली पेरणार, एवढाच तिचा अर्थ. माणसानं शेती सोडली, वावर दुसऱ्याला दिलं, की त्याच घरची बाई ती खूण पुसते आणि मगच अवजार विकतात. घरच्यांखेरीज कोणी खुणेला हात लावत नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत अशी पुसलेली अवजारं दुकानात बरीच येत होती.

"आमच्या घरात हे नाई. आमी मानत नाई," उत्तमभाऊ म्हणाले. "पन गिराइकाची खून म्या आजवर पुसली नाई. तुमच्या हातासाठी पुसनार नाई."

मला राग आला. एवढ्याशा चुन्यासाठी सगळं अडणार होतं आणि तीन दिवसांनी साहेब येणार होते. मी म्हटलं, "भाऊ, डोळे तुमचे आहेत. पुसायचं आणि काम झालं की परत काढायचं, कोणाला कळणार आहे?"

"मले कळनार ना," ते म्हणाले आणि डवरा उचलून बाजूला ठेवला. "उद्या बोरी अरबला जा लागते. ज्याची खून त्याले आधी सांगा लागते."

बोरी अरब

एस.टी.त डवरा घेऊन चढणं सोपं नाही. कंडक्टरनं दारातच अडवलं.

"हे काय हाये?"

"डवरा," उत्तमभाऊ म्हणाले.

"थे दिसून राह्यलं. मंग बैल मागच्या गाडीनं येऊन राह्यले का?"

गाडीभर हशा पिकला. शेवटी डवऱ्याचं सामानाचं तिकीट निघालं आणि तो माझ्या पायांशी आडवा झाला. वाटेतल्या दारव्ह्यापर्यंत त्याचं टोक माझ्या नडगीला लागत होतं. दोन्हीकडे उघडी काळी वावरं, बांधावर एखादं कडुनिंब, मधूनच उपटून ढीग घातलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या. ह्या मातीकडे बघून वाटत नाही की हिच्यात काही उणं असेल. मी एकदा तसं म्हणाले. उत्तमभाऊ म्हणाले, "मातीत काईच उनं नाई," आणि खिडकीबाहेर बघत राहिले. चष्म्याखालून त्यांच्या गालावर पाणी ओघळत होतं. ते डोळ्यांचं दुखणं होतं, रडणं नव्हतं, पण शेजारच्या बाईनं मला कोपरानं ढोसून विचारलं, "कोन गेलं वो?"

डवरा सुभद्रामायचा होता. सत्तरीच्या, ताठ, नऊवारी नेसलेल्या, बोलण्यात मीठ-मिरची सारखीच. त्यांच्या अंगणात पाच खाटा टाकलेल्या होत्या. घराच्या मोठ्या खोलीत जमिनीपासून आढ्यापर्यंत कापूस होता. भाव येईल म्हणून ठेवलेला, पिवळट पडलेला.

"आत कापूस झोपते, आमी भाईर," सुभद्रामाय म्हणाल्या. "बसा. कापसानं खाज सुटते, पन खाजवू नका, आजून खाजते."

पन्हं आलं. मग माझी चौकशी सुरू झाली. मुलं किती, नवरा काय करतो, नवऱ्याला सोडून इतक्या लांब कशी आले, पाठीला काय लावते. पुण्यात माझ्या शेजारणीनं वीस वर्षांत इतकं विचारलेलं नाही. मी सगळं सांगितलं. सांगताना बरं वाटलं, हेही कबूल करते.

मग उत्तमभाऊंनी डवरा पुढे केला. सुभद्रामायनं दांड्यावरच्या लोखंडी गोलावरून बोट फिरवलं. मला मनातून वाटत होतं, ह्या खूश होतील. आता कधीच न पुसणारी खूण! मी तसं बोलूनही दाखवलं.

"कधीच नाई पुसनार?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एका सालाची खून असते, बाई. जल्मभराची कोन देते? पुढच्या साली मी पेरीन तं पुढच्या साली काढीन. तुमच्या मशीनले काय मालूम, आमी पुढच्या साली काय करनार हावोत?"

आत त्यांच्या सुनेनं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. ती दाराआडून ऐकत होती. वावर बटाईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला देऊन टाकावं, असं त्या घरात बोललं जात होतं, हे मला उत्तमभाऊंनी येताना सांगितलं होतं.

"मंग घासू का माय?" उत्तमभाऊंनी विचारलं.

"घासा. पन मी येतो तिथं." वऱ्हाडात बायकाही 'मी येतो' म्हणतात, आणि सुभद्रामायच्या तोंडी ते शोभतही होतं. "तुमी घासा, मी लगेच चुन्यानं काढतो. डवरा बिनखुनेचा एक घडीभर राह्यला नाई पाह्यजे."

"परवा या. परवा मोठे साहेब येऊन राह्यले."

"माह्या डवऱ्यापेक्षा मोठे हायेत का?" असं म्हणून त्यांनी आम्हाला आमरसाला बसवलं.

पुन्हा दिग्रस

परतल्यावर संध्याकाळी वहिनींनी अंगणात गोवऱ्या पेटवल्या. रोडग्यांचा बेत होता. कणकेचे जाड गोळे निखाऱ्यांत पुरून भाजायचे, राख झटकून फोडायचे, तूप सोडायचं आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. भाजायला वेळ लागतो, म्हणून वहिनी तेवढ्यात एका ब्लाउजचं कापड बेतत बसल्या. मी भिंतीला पाठ टेकून बघत होते. त्यांच्या हातात गुलाबी, चपटा, तिकोनी खडू होता. हिरव्या कापडावर त्या त्यानं रेघा ओढत होत्या.

"वहिनी, तो खडू द्या बरं जरा."

त्यांनी दिला. मी तशीच उठून दुकानात गेले आणि एका वखरावर तो ओढला. गंजक्या लोखंडावर गुलाबी रेघ उमटली. कॅमेऱ्याला पांढरं सगळं सोडून फक्त गुलाबी दिसेल असं करायला तासभरही लागला नाही. चुन्याच्या खुणा जिथल्या तिथे राहिल्या आणि हात निमूटपणे गुलाबी रेघेवरून गेला. ह्या आठवड्यात माझ्या हातून झालेली ही एकच चांगली गोष्ट, असं म्हणून मी दोन रोडगे जास्त खाल्ले.

सकाळी उत्तमभाऊंना खडू दिला. त्यांनी अंगठ्याच्या नखानं भेग चाचपली, रेघ ओढली, मग वाकून पाहिलं. चष्मा काढून पुन्हा पाहिलं.

"कोनती रेघ, मॅडम? कुठं हाये?"

रेघ ठळक होती. तांबड्या गंजावरचं गुलाबी त्यांना दिसतच नव्हतं. पांढरं दिसायचं, हे नाही. त्यांनी परत प्रयत्न केला. रेघ भेगेच्या बाजूनं निघून गेली आणि हातानं मुकाट्यानं तिथेच वेल्डिंग केलं. असं चारदा झालं. मग त्यांनी खडू खाली ठेवला, खुंटीवरचा मास्क काढला आणि फडक्यानं त्याची काच पुसायला लागले. मला इतकं वाईट वाटलं की मी उगाचच लॅपटॉपची वायर काढून पुन्हा लावली.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर खोचला, आत आल्या, खडू उचलला. "भेग कुठं हाये? बोट ठेवा."

उत्तमभाऊंनी बोट ठेवलं. बोट जसं सरकलं तशी मागून वहिनींची रेघ सरकत गेली. ब्लाउजची गळ्याची गोलाई काढणाऱ्या हाताला सरळ भेग म्हणजे काहीच नाही. रेघ बरोबर बसली आणि वेल्डिंगही.

"बटन मीच दाबतो आता," वहिनी म्हणाल्या. "मले सांगा, मॅडम. सगळं सांगा." संध्याकाळपर्यंत मी त्यांना सगळं सांगितलं. शिलाई मशीनला दोरा ओवण्याइतकंच कटकटीचं आहे, असा त्यांनी निर्वाळा दिला.

दुसऱ्या दिवशी साहेब नागपूरहून गाडीनं आले. पांढरा शर्ट, थंड पाण्याच्या बाटल्या, सभ्य माणूस. सुभद्रामाय आधीच येऊन उलट्या डब्यावर बसल्या होत्या. कमरेला चुन्याची डबी. साहेबांनी नमस्कार केला, त्यांनी तो मानेनं घेतला. मग सगळ्यांसमोर उत्तमभाऊंनी ग्राइंडरनं तो लोखंडी गोल घासला. दांडा लखलखीत झाला. तो पुरता थंड व्हायच्या आतच सुभद्रामाय उठल्या. बोट चुन्यात बुडवून त्यांनी गोल काढला, गोलात तीन रेघा काढल्या आणि ओठ घट्ट मिटून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. साहेबांनी घड्याळात पाहिलं. मी साहेबांकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यांनी बाही खाली ओढली.

"आता हाच डवरा करा," साहेब म्हणाले. "मॅडम, तुम्ही इकडे या. काही सांगायचं नाही."

उत्तमभाऊंनी भेगेवर बोट फिरवलं, वहिनींनी रेघ मारली आणि बटण दाबलं. हात झुकला, पाहिलं, आणि थांबला. लाल दिवा लागला. वहिनींच्या कपाळावरचा घाम टपकून रेघ मधेच पुसली गेली होती. रेघ तुटली की हात पुढे जात नाही, तसं मीच करून ठेवलं होतं. माझे हात शिवशिवत होते. साहेब बघत होते. कोणी काही बोलायच्या आत उत्तमभाऊंनी खुंटीवरून मास्क ओढला. दुसऱ्या हातात जुनी वेल्डिंगची पकड होतीच. बोटभर भेग, तीस वर्षांची सवय. एका मिनिटाचं काम होतं त्यांच्यासाठी.

वहिनी मधे आल्या. त्यांनी मास्क हातातून घेतला.

"तुमी तिकडं पाहा," म्हणाल्या.

"अवं, पन..."

"तिकडं. भितीकडं."

ते वळले. सगळ्यांदेखत, भिंतीकडे तोंड करून, हात कुठे ठेवावेत हे न कळून उभे राहिले. वहिनींनी पदरानं कपाळ पुसलं, मग लोखंड पुसलं, रेघ पुन्हा मारली आणि बटण दाबलं. हात झुकला, पाहिलं, आणि ठिणगी पडली. निळा उजेड भिंतीवर नाचायला लागला आणि त्यात उत्तमभाऊंची सावली. ते मान किंचित तिरकी करून ऐकत होते.

"बरोबर चालून राह्यला," ते भिंतीला म्हणाले.

काम थंड झालं. भेग बुजली होती आणि चुन्याची खूण शाबूत होती. साहेबांनी ढिगातली आणखी दोन अवजारं स्वतः निवडून दिली. वहिनींनी तीही केली. तेव्हा साहेब म्हणाले, "वर्षभर राहू द्या इथे. पुढचं पुढे बघू."

वहिनी सुभद्रामायकडे गेल्या आणि चुन्याची डबी मागितली.

"आमच्यात हे नसते," उत्तमभाऊ म्हणाले.

"पूजा नाई करून राह्यलो. गिराइकाच्या डवऱ्याले खून, अन् आपल्या हाताले नाई?" मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "कुठं काढू, म्हंजे याले दिसनार नाई?"

मी खांद्याची मागची बाजू दाखवली. कॅमेरा तिथे कधीच वळत नाही. वहिनींनी तिथे दोन आडव्या रेघा काढल्या आणि मधे एक टिंब. कशाची खूण ते मी विचारलं नाही. सुभद्रामायनं ती निरखून पाहिली, ठीक आहे म्हणाल्या आणि आपला डवरा घेऊन एस.टी.कडे निघाल्या. त्यांना सोडायला गेले तर तोच कंडक्टर दारात उभा होता.

पुणे

इतपत लिहून मी हे बाजूला ठेवलं होतं. वर्ष कसं गेलं कळलं नाही. पाठ होती तशीच आहे. मधल्या काळात बोरी अरबहून एकदा निरोप आला की सुभद्रामायनं पेरलं. नंतर काही कळलं नाही. आमच्या कंपनीत मात्र त्या यंत्राविषयी बोलणं चालू झालं. नागपूरजवळ ट्रॉल्यांचा एक मोठा कारखाना आहे. तिथे सगळे जोड एकसारखे, शिवाय काम भरपूर. दिग्रसचं यंत्र तिकडे हलवावं, असं साहेबांच्या मनात आहे. ठरलेलं नाही. मला त्यांनी मत विचारलं आणि मी नेहमीप्रमाणे म्हटलं, बघू.

गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. मागे ठिणगीचा तो सळसळता आवाज येत होता.

"मॅडम, अक्षय तृतीया आली. हातावरची खून पुसट झाली. पुन्हा काढू का?"

मी आधी विचारलं, "भाऊंचे डोळे कसे आहेत?"

"होते तितके हायेत. कमी नाई झाले. भितीकडं तोंड करून बसते, अन् मले सांगते, आवाज बरोबर नाई, तार बदल." मग थांबून त्यांनी पुन्हा विचारलं, "काढू ना मंग?"

पलीकडून उत्तमभाऊंचा आवाज आला, "काय म्हनून राह्यल्या मॅडम?"

"काढा," मी म्हटलं.

"काढा म्हनतात," वहिनींनी तिकडे सांगितलं. मागचा आवाज थांबला. बहुतेक चुना आणायला त्यांनी यंत्र बंद केलं असावं.

ह्या सालीही यंत्र तिथेच, हे साहेबांना मी अजून सांगितलेलं नाही. सोमवारी सांगेन.